बाबेलला धाडलेलं पत्र

विश्रांतवाडी, पुणे
४ जानेवारी २०२५

ती. दादास,
विजूचा सप्रेम सलाम वि. वि.

तुला फोन करून उपयोग नाही, म्हणून हे पत्र. नाताळात मी अर्धा तास बोलले आणि तू प्रत्येक वाक्याला होकार देत राहिलास. त्या होकारांत आमच्या महिला मंडळाच्या सहलीला येऊन भजनं म्हणायचंही तू कबूल केलं आहेस. बायका वाट बघताहेत. कानाचं यंत्र कपाटात ठेवून ऐकू येत नाही, हे मी तुला कितव्यांदा सांगायचं? हडपसरला यायचं तर दोन बस आणि माझे दोन गुडघे. एकाच शहरातले बहीणभाऊ एकमेकांना टपालानं पत्रं लिहितात, याचं पोस्टातल्या बाईंना भारी कौतुक आहे.

आता मुख्य बातमी. एक तारखेला सकाळच्या उपासनेत दरवर्षीप्रमाणे वचनांची पेटी फिरली. तुला ही पेटी आवडत नाही हे ठाऊक आहे, तरी ऐक. डोळे मिटून प्रत्येकानं एक कार्ड उचलायचं, त्यावर येईल ते शास्त्रवचन आपलं वर्षभराचं. इंद्रजीत कॅनडाला गेल्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मला धीर मिळाला, भाकर मिळाली, ढाल तर तीनदा मिळाली. हे गेले त्या वर्षी भरघोस पिकाचं वचन हाती आलं होतं, तेव्हाही मी तक्रार केली नाही. पण या वेळी कार्ड उलटलं आणि तीनदा वाचलं. त्यावर होतं, मी तुम्हांला परत या ठिकाणी आणीन. यिर्मया, अध्याय एकोणतीस.

दादा, त्या पेटीत दोनशे कार्डं तरी असतील. हेच माझ्या हाताला का यावं?

मी उभी राहिले आणि साक्ष दिली. सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की यंदा माझा इंद्रजीत, सून उत्कर्षा आणि नात ओवी कायमचे घरी परत येताहेत, देवानं मला तसं लिहून दिलं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे पाळक ऋषी माझ्या मुलाहून लहान आहेत, पण त्यांनी डोक्यावर हात ठेवून आभाराची प्रार्थना केली. शेजारच्या यमुनाबाई रडल्या आणि घरी पोचायच्या आत त्यांनी ती बातमी मंडळीच्या ग्रुपवर टाकली.

इंद्रजीतला मी काही बोललेले नाही. त्याला सांगणारा समर्थ आहे. मी फक्त त्याची खोली रंगवून घेतली. फिका पिवळा. ओवीला पिवळा आवडतो, निदान चार वर्षांची असताना आवडायचा.

तुझं मत मी विचारत नाही. फक्त माझ्याबरोबर आनंद कर. वहिनी असती तर तिनं केला असता.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
विजू


हडपसर
१२ जानेवारी २०२५

चि. विजू हिस,
शांतवनचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सहाव्या दिवशी मिळालं. पौलाची पत्रं समुद्रावरून याहून लवकर जात असावीत. सहलीचं कबूल केलं असेल तर येईन, पण भजनं म्हणणार नाही. माझा सूर मलाच ऐकू येत नाही, तो इतरांनी का सोसावा?

तू मत विचारलेलं नाहीस. छत्तीस वर्षं ज्यानं पाळक होऊ घातलेल्या पोरांना जुना करार शिकवला, त्याला एका अध्यायाचं नाव कळवायचं आणि मत देऊ नको म्हणायचं, हे मिठाईच्या दुकानात नेऊन तोंड बांधण्यासारखं आहे. तेव्हा न विचारता देतो.

पहिल्या दिवशी मी पोरांना तीन प्रश्न घालायचो. हे कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं आणि कशासाठी लिहिलं. तुमच्या पेटीतल्या कार्डांवर नेमकं हेच तिन्ही कापून टाकलेलं असतं. विजू, तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला धाडलेलं. ज्यांना शत्रूनं धरून परमुलखात नेलं, त्यांना. ती माणसं तिथं बोचकी न सोडता बसली होती, कारण लवकरच घरी जायचंय असं त्यांना सांगणारे पुष्कळ होते. त्यांना हे पत्र सांगतं की बोचकी सोडा. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याचं भलं चिंता. कारण सत्तर वर्षं लागतील. तुझं वाक्य त्या सत्तर वर्षांच्या पलीकडचं आहे. ज्याच्या हाती ते पत्र चाळिशीत पडलं, तो बाबेलच्या मातीतच गेला. हाच हिशेब लावायचा तर ओवी परत येईल तेव्हा एकोणऐंशी वर्षांची असेल.

आणखी एक. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक गृहस्थ आहे. त्यानंही मंदिरात सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं की दोन वर्षांत सगळे परत येणार. त्यालाही टाळ्या मिळाल्या असतील. त्याचं पुढं काय झालं ते तूच वाच, मी लिहीत नाही.

खोली रंगवलीस ते बरं केलंस, ओल आली होती. गुडघ्यांना शेक दे. रागावलीस तर पत्रातून रागाव, फोनवरचा राग मला ऐकू येत नाही.

आशीर्वाद आहेतच, मत पटो न पटो.

तुझा,
दादा


विश्रांतवाडी
२१ जानेवारी २०२५

ती. शांतवनदादास,
सलाम.

मी तो अध्याय वाचला. हनन्या त्याच वर्षी मेला. सदुसष्ट वर्षांच्या एकट्या बहिणीला हे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

मला तुझ्याइतकं शास्त्र येत नाही, पण एक विचारते. पौलानं करिंथच्या लोकांना लिहिलं, गलतीयाच्या लोकांना लिहिलं, फिलिप्पैच्या लोकांना लिहिलं. विश्रांतवाडीच्या विजयमालाला कुणीच लिहिलं नाही. मग आपलं असं काय उरलं? नवा करार अर्धाअधिक दुसऱ्यांचं टपालच आहे. बाबांना मूठमाती देताना तू कबरीशी उभा राहून थेस्सलनीकाकरांचं पत्र वाचलंस. आपले बाबा काय थेस्सलनीकेचे होते? ते नेवाशाचे होते. पण ते पत्र त्या दिवशी आपलं होतं, आणि तुझा आवाज कापत होता, मी शेजारीच उभी होते.

कॅम्पातल्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातली गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमची सगळी पत्रं सिस्टर आधी उघडून वाचायच्या, मग आमच्या हाती द्यायच्या. आमच्या खोलीत पद्मजा नावाची मुलगी होती. तिला आई नव्हती, पत्र कुणाचंच यायचं नाही. शनिवारी पत्रं वाटली जात तेव्हा ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा सिस्टरनी मला बाजूला घेऊन विचारलं की तुझ्या आईचं पत्र वाचून झालं की पद्मजाला वाचायला देशील का. मी दिलं. आईनं नेहमीचंच लिहिलं होतं. दूध पी, पाढे म्हण, केसांना तेल लाव, डोकं उघडं ठेवून दवात हिंडू नकोस. दुसऱ्या दिवशी पद्मजा डोक्याला तेल चोपडून वर्गात आली, कपाळावर ओघळ. मुली हसल्या. ती हसली नाही. पुढं सहा वर्षं माझ्या आईचं प्रत्येक पत्र तिनं वाचलं आणि त्यातलं सगळं पाळलं, माझ्याहून जास्त. आईनं ते तिला लिहिलं नव्हतं, म्हणून काय तिचे केस कोरडे राहिले?

तुझे तीन प्रश्न तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी एक कार्ड आहे, ते मी आरशाच्या कडेला खोचलं आहे. काही दिवस माझं पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. मी हनन्या नाही.

विजयमाला


एडमंटन
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आई,

तुला ईमेल म्हणजे पत्र वाटत नाही, तरी हे चौकातल्या झेरॉक्सवाल्या मावशींकडून प्रिंट काढून घे आणि घरी जाऊन, बसून वाच. दुकानात वाचू नकोस, प्लीज.

मी परत येतोय ही न्यूज मला मंडळीच्या ग्रुपवरून कळली. शाळेतल्या मित्रानं फॉरवर्ड केली, खाली वेलकम होमचे फुगे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचली. बाहेर उणे सव्वीस होतं. किती वेळ बसलो कुणास ठाऊक, हात सुन्न झाले तेव्हा कळलं.

आई, आम्ही नोव्हेंबरमध्ये इथे घर घेतलं. तुला सांगितलं नाही. आणि एप्रिलमध्ये आमची सिटिझनशिपची शपथ आहे. त्यानंतर भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. हेही सांगितलं नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तू विचारतेस कधी येतोस, आणि मी म्हणतो बघू. या बघूचा अर्थ नाही असाच आहे, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे असं मला वाटायचं. आपण दोघं एकमेकांना सांभाळून घेतोय असं वाटायचं. तुला तो बघू खरा वाटत होता, हे मला त्या फुग्यांवरून कळलं.

घर छान आहे. मागे थोडी जागा आहे, आता सगळा बर्फ. पण तीन महिने झाले, आम्ही खोकी उघडलेली नाहीत. रोजची भांडी तेवढी काढली, बाकी हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवलीत. उत्कर्षा म्हणते, आईंना सांगितल्याशिवाय तू खोकी उघडणार नाहीस. खरंय तिचं. एकेक खोकं उघडायला घेतलं की तुझा चेहरा समोर येतो आणि मी परत टेप लावतो. ओवीला खिडकीची खोली हवी आहे, तिलाही मी बघू म्हणालोय.

तू इकडे ये ना, कायमची. बर्फाची सवय होते.

मी चुकलो असेन तर ओरड. पण गप्प बसू नकोस. बाबा गेले तेव्हा तू गप्प बसली होतीस, ते मला अजून झेपत नाही.

तुझा,
इंद्रजीत


हडपसर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. विजू हिस,
आशीर्वाद. या वेळी जरा दबकतच.

महिना उलटला, तुझं पत्र नाही. पोस्टमनला दोनदा हटकलं. त्यानं मला म्हाताऱ्याला समजवावं तसं समजावलं की पत्र आलं असतं तर त्यानं दिलंच असतं. हनन्याचं लिहिलं ते वाईट केलं. वर्गात अशी एखादी टोचणी लागायची, नाहीतर पोरं झोपायची. तू झोपलेली नव्हतीस. मला क्षमा कर.

तुझ्या पद्मजाच्या तेलापुढं माझं शास्त्र हरलं, हे मान्य करतो. दुसऱ्याला लिहिलेलं पत्र आपलं होतं. मला ते तुझ्याआधी कळायला हवं होतं, कारण माझ्याही घरात तसं एक पत्र आहे.

तुझी वहिनी आनंदी गेली तेव्हा तिनं तुला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा तू मला आणून दिलास. तू बसमध्ये चढलीस आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पहिलंच पत्र उघडलं. मधल्याच एका वाक्यावर नजर पडली. तिनं लिहिलं होतं की या माणसाला मी विटले आहे, माहेरी कायमची निघून जावंसं वाटतं. पत्र मिटलं, गठ्ठा ट्रंकेत टाकला आणि दीड वर्ष ट्रंक उघडली नाही. दीड वर्ष त्या एका वाक्यावर जगलो, विजू. जेवताना, झोपताना. पोरांना तीन प्रश्न शिकवणाऱ्यानं स्वतःला एकही विचारला नाही.

गेल्या ऑगस्टात धीर करून पहिल्या ओळीपासून वाचलं. पत्र सत्त्याऐंशी सालचं. त्या आठवड्यात मी न सांगता अकरा विद्यार्थी जेवायला आणले होते, आणि घरात तांदूळ नव्हते. आणि त्या वाक्याला लागूनच पुढचं वाक्य होतं. संध्याकाळी याच माणसाच्या सायकलचं स्टँड खाली वाजलं नाही तर माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आता अशा माणसाचं काय करावं ते वन्सं, तुम्हीच कळवा. तू काय कळवलंस ते मला माहीत नाही. आता दर रविवारी ते पत्र वाचतो. ते मला लिहिलेलं नाही, पण मी त्यात आहे.

म्हणून पद्मजाविषयी एकच म्हणतो. तिनं आईचं सगळं पत्र वाचलं. तेलाचं, पाढ्यांचं, दवाचं. समज, सिस्टरनी एकच ओळ कापून तिच्या हातात ठेवली असती, की शनिवारी मी तुला घरी न्यायला येते. त्या पोरीनं ट्रंक भरली असती आणि फाटकाशी जाऊन बसली असती. शनिवारी आई आली असती, पण तुझी.

तू फाटकाशी बसली आहेस, विजू. तिथून ऊठ, एवढ्यासाठीच मी पहिलं पत्र लिहिलं होतं. लिहिलं मात्र मास्तरासारखं.

जुना लोभ शिल्लक असेल तर त्यातून चार ओळी पाठव.

तुझा,
दादा


विश्रांतवाडी
११ मार्च २०२५

ती. दादास,
विजूचा सप्रेम सलाम वि. वि.

वहिनीला मी काय कळवलं ते आधी सांगते. मी लिहिलं होतं की अशा माणसाला अकरा जणांची भांडी घासायला लाव. तू घासलीस असं तिचं उलट टपाली उत्तर आलं होतं. ते गठ्ठ्यात खाली कुठंतरी असेल, शोध.

इंद्रजीतचं पत्र फेब्रुवारीतच आलं. त्यांनी तिकडे घर घेतलं. एप्रिलमध्ये ते तिकडचे नागरिक होणार, आपला पासपोर्ट परत करणार. प्रिंट काढून आणली, गीतांच्या पुस्तकात ठेवली आणि पंधरा दिवस कुणाला बोलले नाही. दोन रविवार त्याचा कॉल आला, मी कॅमेरा बिघडलाय असं सांगून दोन मिनिटांत ठेवला. देवळात जाऊन येत होते. बायका सुनेच्या स्वागताला काय करायचं ते ठरवत होत्या. मी मान डोलवत होते, तू फोनवर करतोस तशी.

मग तुझं पत्र आलं. पिवळ्या खोलीत इंद्रजीतच्या पलंगावर बसले आणि तो एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचला. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तुझे तीन प्रश्न विचारले. कुणाला लिहिलं, तर घरापासून लांब गेलेल्यांना. मी तर कुठंच गेलेले नाही, दादा. एकतीस वर्षं याच घरात आहे, तीच खिडकी, तेच आळंदी रोडचे हॉर्न. पत्र यरुशलेमहून निघालं. मागं राहिलेल्यांच्या गावाहून. इतके दिवस मी स्वतःला बाबेलमध्ये बसवून ते वाचत होते. माझी जागा तिथं नव्हती. ते पत्र मला आलेलं नव्हतं, ते मला पाठवायचं होतं.

मागं राहिलेल्यांचा विचार कधी कुणी प्रवचनात सांगितलेला मला आठवत नाही. घरं बांधा म्हणून लिहायचं, म्हणजे आपल्या शेजारचं घर रिकामं राहणार हे लिहिणाऱ्याला माहीत असणार. बागा लावा लिहायचं, म्हणजे त्यांची फळं आपल्याला दिसणार नाहीत. यरुशलेमेत त्या वेळी असा कोण असेल, ज्याच्या घरचं कुणी तिकडे गेलेलं नाही? आणि तरी लिहिलं. पत्र बाबेलला पोचेपर्यंत त्याचं मन किती वेळा मागं फिरलं असेल.

परवा रविवारी साक्षीच्या वेळेला उभी राहिले. माईक शिट्टी मारत होता. मी म्हणाले की एक तारखेला मी जे बोलले ते देवानं मला सांगितलेलं नव्हतं, ते माझ्या मनानं सांगितलं होतं, आणि माझा मुलगा परत येणार नाही. मग म्हटलं की आता ते पत्र सगळं वाचते, आणि वाचलं. यमुनाबाई खालून माझा पदर ओढत होत्या. पाळक ऋषी जमिनीकडे बघत होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. अशा साक्षीनंतर काय करायचं असतं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून मंडळीनं गीत म्हटलं, तेही चुकीचं कडवं.

उपासनेनंतर बायका सुतक असल्यासारख्या लांबून बोलल्या. संध्याकाळी यमुनाबाई आल्या, ग्रुपवरचे फुगे पुसता येत नाहीत म्हणून हळहळल्या, चहा घेऊन गेल्या. दादा, एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. चौदा वर्षं दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे विचारायचे की इंद्रजीत कधी येतोय. मला ते टोचायचं. आता तीन दिवस कुणी विचारलं नाही, तर चौकापर्यंतचा रस्ता संपता संपत नाही.

कार्ड आरशावरून काढलं. फेकलं नाही. पवित्र शास्त्रात त्याच अध्यायात ठेवलं, त्याच्या जागी.

खोली रंगवलेली आहे. गादी नवी आहे. तू ये राहायला, निदान ईस्टरपर्यंत. तुझं हडपसरचं पाणी, तुझी पुस्तकं, तुझा पोस्टमन, सगळं मला पाठ आहे, ते लिहू नकोस. फक्त उत्तर पत्रानंच दे. फोनवर तू हो म्हणशील आणि मला त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

माझ्यावरची माया आता पत्रातून न पाठवता स्वतः घेऊन आलास तर टपालखात्याचे कष्ट वाचतील.

तुझी,
विजू


विश्रांतवाडी, पुणे
२३ मार्च २०२५

चि. इंद्रजीत यास,
आईचे अनेक आशीर्वाद. सौ. उत्कर्षास आशीर्वाद व ओवीस गोड पापा.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. मी खोटं बोलले, तेव्हा आपली फिटंफाट. तू दीड महिन्यापूर्वी गप्प बसू नकोस म्हणून लिहिलंस आणि मी तेच केलं. आता लिहिते आहे, हातानं, सिस्टरनी शिकवल्यासारखी डावीकडे समास सोडून. तुला पोचायला तीन आठवडे लागतील. तोवर माझं मन मागं फिरलं तरी पत्र फिरणार नाही, म्हणून टपालानंच पाठवते.

खोकी उघडा. आधी स्वयंपाकघराची, म्हणजे बाकीची आपोआप उघडतात. टेप जपून ठेवू नकोस. ओवीला खिडकीची खोली दे, आणि तिला बघू असं पुन्हा कधी म्हणू नकोस. भिंतींचा रंग तिलाच ठरवू दे, मी इथे पिवळा लावून बसले होते, तिला आता कुठला आवडतो ते मला माहीत नाही, तिनं कळवावं. मागच्या जागेतला बर्फ वितळला की मेथी पेर, ती कुठंही येते. पहिली जुडी शेजारच्यांना दे. एप्रिलमध्ये शपथ घ्याल तेव्हा खाली बघत घेऊ नका. ज्या देशाचं मीठ खाता त्याला नीट तोंड वर करून वचन द्यावं. त्या शहराचं भलं होवो म्हणून मी रोज सकाळी प्रार्थना करते. त्याचं नाव जिभेवर नीट बसत नाही, पण देवाला कळत असावं.

तू मला तिकडे कायमचं बोलावलंस. मी येणार नाही. हा बघू नव्हे. माझी मंडळी इथे आहे, तुझ्या बाबांची कबर इथे आहे, आणि शांतवनमामा बुधवारी दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन तुझ्या खोलीत मुक्कामाला येतोय. ईस्टरपर्यंत, असं त्यानं पत्रात दोनदा लिहून खाली रेघ मारली आहे. पण तुझ्या पलंगावर तो झोपला तरी ती खोली आम्ही तुझीच म्हणणार, ते चालवून घे.

ओवीच्या केसांना रविवारी तेल लावा. थंडीत केस कोरडे पडतात. हे वाक्य मूळ माझ्या आईचं आहे, ते मला लिहिलेलं होतं, पण ते कुणीही घ्यावं.

तू कधी येणार, हे या पत्रात मी विचारलेलं नाही. पाकीट बंद करण्याआधी दोनदा वाचून बघितलं.

आहे तिथून माया करत जा, इथवर पोचते.

तुझी,
आई